‘गॅस झाली’ म्हणून आलेल्या पेशंटला घरी पाठवण्याआधी

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे मी कशाला उत्तर देतेय ते इतरांनाही कळेल. इंटर्नशिप संपून चार महिने झालेत आणि तुम्ही हिंगणा एमआयडीसीकडच्या एका लहान हॉस्पिटलात रात्रपाळी करता. रात्रीतून चाळीस-पन्नास पेशंट. पंधरा दिवसांपूर्वी ४६ वर्षांचा एक कामगार रात्री साडेअकराला आला. घरी पाहुणे होते, सावजी मटणाचा बेत झाला होता, त्यानंतर पोटाच्या वरच्या भागात जळजळ आणि एक उलटी. तुम्ही ईसीजी काढला, तो नॉर्मल आला. आम्ल कमी करणारं पॅन्टोप्राझोलचं इंजेक्शन दिलं, त्याला बरं वाटलं, घरी गेला. पहाटे दुसऱ्या हॉस्पिटलात इन्फिरियर वॉलचा, म्हणजे हृदयाच्या खालच्या भिंतीचा हार्ट अटॅक निघाला. अँजिओप्लास्टी होऊन माणूस वाचला, पण तुमची झोप उडाली. आता तुम्ही विचारताय की साध्या तक्रारीमागचा मोठा आजार ओळखायचा कसा, आणि यापुढे प्रत्येकाच्या सगळ्या तपासण्या करायच्या का.

मी नागपुरातच कॅज्युअल्टीत २३ वर्षं काढली आहेत, त्याआधी दोन वर्षं तालुक्याच्या ठिकाणी. तेवढ्या शिदोरीवर उत्तर देते.

पहिली गोष्ट म्हणजे तुम्हाला ज्ञान कमी पडलं नाही. इन्फिरियर वॉलचा अटॅक पोटदुखी आणि उलटी घेऊन येतो, हे तुम्ही परीक्षेत लिहून पास झाला आहात. अडचण अशी की तो माणूस स्वतःचं निदान खिशात घेऊनच आला होता. "डॉक्टर, गॅस झाली, एक इंजेक्शन मारून द्या, सकाळी ड्यूटी आहे." त्याच्या मागे बायको, तिच्या तोंडी सावजीचं तर्रीदार मटण. गोष्ट इतकी बेमालूम जुळलेली की तिच्यावर शंका घ्यायला जागाच उरली नाही. शिवाय तुमच्याकडे ‘गॅस झाली’ म्हणून येणाऱ्या बहुतेकांना खरोखर गॅसच झालेली असते. त्यामुळे मनाला तीच सवय लागते. ही सवय वाईट नाही, तिच्याशिवाय एका रात्रीत पन्नास पेशंट होणारच नाहीत. फक्त तिला अडवणारा एखादा खिळा हवा.

माझा खिळा एका प्रश्नाचा आहे. पेशंटने आणलेलं निदान मी खरं धरते आणि मग विचारते, या निदानात काय बसत नाही? अॅसिडिटी असेल तर घाम का? वीकनेस असेल तर श्वास इतका भरभर का? ताप उतरलाय तर पल्स १२० का? बसत नाही अशी एक जरी गोष्ट सापडली, तरी तिचा हिशोब लागेपर्यंत पेशंट जात नाही. हे मी पुस्तकातून उचललेलं नाही. ज्या पोराकडून शिकले त्याची गोष्ट सांगते.

तालुक्याच्या त्या ठिकाणी असताना, जुलै महिना, पहाटे पाचचा सुमार. बारा-तेरा वर्षांचा मुलगा, पोटात कळ येते म्हणून आणलेला. दोन उलट्या झालेल्या. आदल्या दिवशी कुणाच्या तरी तेरवीत जेवून आला होता. झालं, माझं निदान तयार. कळ थांबवायला डायसायक्लोमिन दिलं, सलाईन लावलं आणि टेबलावर डोकं टेकलं. अर्ध्या तासाने सिस्टरने उठवलं. "मॅडम, हा पोट्टा झोपून नाही राहिला. याचे डोळेच उघडून नाही राहिले." पापण्या खाली आलेल्या, थुंकी गिळता येत नव्हती, आवाज नाकातून येत होता. तेव्हा आईला विचारलं, झोपला कुठे होता? जमिनीवर, सतरंजी टाकून.

मण्यार. ती रात्री घरात शिरते, झोपलेल्या माणसाला चावते, आणि पुष्कळदा माणसाला जागही येत नाही. ना सूज, ना रक्त. दातांची खूण शोधून सापडत नाही. नळीत वीस मिनिटं रक्त ठेवायची चाचणीही नॉर्मल येते, कारण हे विष रक्तावर काम करत नाही, नसा आणि स्नायू जिथे जुळतात तिथे करतं. पहाटेची पोटदुखी ही तिची नेहमीची सुरुवात. सर्पविषविरोधी लसीच्या दहा वायल दिल्या आणि हाताने श्वास द्यायची अँबू बॅग दाबत त्याला नागपूरला आणलं. काही दिवस व्हेंटिलेटरवर राहून मुलगा चालत घरी गेला. त्यात माझं कर्तृत्व काही नाही, सिस्टरचं आहे. मी तेरवीच्या जेवणापाशीच थांबले होते. बारा वर्षांचा मुलगा पोटात कळ असताना गडाबडा लोळतो, असा निपचित पडून राहत नाही. न बसणारी गोष्ट डोळ्यांसमोर होती. तेव्हापासून पावसाळ्यात पहाटे पोटदुखी आली की मी दोन गोष्टी करते: कुठे झोपला होतास विचारते, आणि छताकडे बघायला लावून पापण्या पाहते. पंधरा सेकंदांचं काम.

आता तुमच्या पेशंटकडे वळू. तुमच्या वर्णनात एक वाक्य आहे, "शर्ट ओला झाला होता, पण मे महिना होता." नागपुरातल्या मे महिन्यात घामाचं कारण शोधायला कुणी जात नाही, हे मान्य. पण तुम्हीच पुढे लिहिलंय की कॅज्युअल्टीत कूलर सुरू होता. कूलरपुढे बसलेल्या माणसाचा शर्ट ओला होता, इथे थांबायला हवं होतं. दुसरं, याआधी त्याला अॅसिडिटीचा त्रास कधी होता का? आयुष्यभर सावजी पचवलेल्या माणसाला ४६व्या वर्षी पहिल्यांदा अॅसिडिटी होते, तेव्हा ती अॅसिडिटी आहे हे सिद्ध करायची जबाबदारी आपली. तिसरं, खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण. तुम्ही विचारलं का माहीत नाही. आपल्याकडे ‘काही व्यसन?’ म्हटलं की लोक ‘नाही’ म्हणतात, कारण खर्रा व्यसनात धरतच नाहीत. "दिवसातून किती पुड्या?" असं विचारा.

इंजेक्शनने बरं वाटलं यावर जाऊ नका. अँटासिड किंवा पॅन्टोप्राझोल दिल्यावर दुखणं कमी झालं म्हणजे हृदय सुटलं, असं होत नाही. हृदयाचं दुखणं आपोआपही कमी-जास्त होतं आणि नेमकं त्याच वेळी आपलं इंजेक्शन गेलेलं असतं. आणि एकच नॉर्मल ईसीजी म्हणजे त्या मिनिटाचा फोटो, पुढच्या तासाबद्दल तो काही सांगत नाही. दुखणं असेल तर दर पंधरा ते तीस मिनिटांनी पुन्हा काढा, त्याच लीड त्याच जागी लावून, आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून बघा. एकट्या कागदावर न दिसणारा बदल शेजारी ठेवल्यावर दिसतो. हृदयाची खालची भिंत दाखवणाऱ्या लीड तीन आणि एव्हीएफमध्ये किंचित उचल वाटली तर आधी समोरच्या बाजूची एव्हीएल लीड बघा. तिथे एसटीची रेषा खाली गेलेली असेल तर संशय पक्का समजा. मग उजव्या बाजूची व्ही-फोर-आर लीड लावा, आणि ती पाहिल्याशिवाय जिभेखाली सॉर्बिट्रेट (रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी) देऊ नका. हृदयाच्या उजव्या वेंट्रिकलला, म्हणजे खालच्या कप्प्याला मार बसलेला असेल तर त्या एका गोळीने बीपी कोसळतं. मी कोसळताना पाहिलंय. ट्रोपोनिनचं, म्हणजे हृदयाचा स्नायू दुखावल्यावर रक्तात येणाऱ्या प्रथिनाचं किटही असंच. दुखणं सुरू झाल्यावर तासाभरात केलेलं ट्रोपोनिन निगेटिव्ह आलं तर त्याला काही किंमत नाही. ते रक्तात दिसायला काही तास जातात, साध्या कार्ड किटवर आणखी जास्त. तीन-चार तासांनी पुन्हा करायची तयारी असेल तरच पहिलं करा.

आणि बायका. पन्नाशीच्या पुढची, शुगर असलेली बाई ‘घाबरल्यासारखं होऊन राहिलं’ किंवा ‘हातापायातलं बळ गेलं’ एवढंच सांगते. छातीत दुखतं का विचारलं तर नाही म्हणते, आणि खरंच दुखत नसतं. घरच्यांनी तिला बाहेरच्या बाकावर बसवलेलं असतं, कारण ‘हिचं नेहमीचंच आहे’. अशा बाईचा ईसीजी मी नंबर येण्याची वाट न बघता काढते.

इथे एक कबुली द्यायला हवी. मी सांगतेय त्यातलं पुष्कळसं तुमच्याकडे काय आहे यावर अवलंबून आहे. रात्री सोनोग्राफीवाला येतो का, रक्त बाहेर पाठवावं लागतं का, पेशंटच्या खिशात किती आहेत, मेडिकल, मेयो ही सरकारी हॉस्पिटलं किंवा मिहानमधलं एम्स किती लांब आहे, घरी रात्री जागणारं कुणी आहे का. ज्याच्या घरी म्हातारी आई एकटी आहे आणि ज्याचं गाव तीस किलोमीटरवर आहे, त्याला मी जास्त वेळ ठेवते, आजार तोच असला तरी. हे शास्त्र नाही म्हणा, पण अंदाज चुकला तर परत यायला त्याला किती वेळ लागेल हाही निदानाचाच भाग आहे.

ज्याला पैसे लागत नाहीत, असं एक काम मात्र सगळीकडे होऊ शकतं आणि ते कुणीच करत नाही. श्वास मोजणं. केसपेपरवर ‘१८’ किंवा ‘२०’ लिहिलेलं असतं, आणि ते मोजलेलं नसतं हे आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे. पल्स बघतोय असं दाखवत मनगट धरा आणि पूर्ण एक मिनिट छाती मोजा. मोठ्या माणसाचा श्वास बावीसच्या वर असेल तर कारण शोधायचं, तीसच्या वर असेल तर घाई करायची. सॅच्युरेशन ९८ आहे म्हणून निवांत होऊ नका. शरीर भरभर श्वास घेऊनच ते ९८ टिकवत असतं.

गेल्या दोन-तीन वर्षांतली एक पेशंट सांगते. पंचावन्नच्या बाई, शुगरच्या गोळ्या सुरू, दोन दिवस जेवण नाही, मळमळ. मुलगा म्हणाला, कमजोरी आहे, एक सलाईन लावून द्या. ताप नाही, बीपी ११०, सॅच्युरेशन ९८, ग्लुकोमीटरवर शुगर २१२. सलाईन लावून सकाळी घरी, असाच तो चेहरा होता. श्वास मोजला तर ३२, खोल, आवाज नसलेला. दम लागतो का विचारलं तर म्हणाल्या, नाही. गोळ्यांची पिशवी ओतली तेव्हा त्यात डापाग्लिफ्लोझिन होती, लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी शुगरची गोळी. लघवीत किटोन भरपूर. शुगर २५०च्या आत राहूनही किटोअॅसिडोसिस (किटोन साठून रक्त आम्ल होणं) होतो, आणि या गटातल्या गोळ्यांवर असलेल्या, उपाशी राहिलेल्या किंवा उलट्या करणाऱ्या पेशंटमध्ये तो आवर्जून शोधायचा असतो. २०२०मध्ये पेटंट संपल्यावर ही गोळी स्वस्त झाली आणि आता गल्लीतल्या दुकानातही मिळते, तेव्हा हा प्रकार तुमच्याकडे येणारच. म्हणून ‘कोणत्या गोळ्या सुरू आहेत?’ एवढं विचारून थांबू नका, पिशवी आणायला सांगा. नागपूरच्या पेशंटकडे ती असतेच, बहुधा साडीच्या दुकानाची.

तापाबद्दल लिहायला बसले तर रात्र पुरणार नाही, तेव्हा आपल्या भागापुरतंच. ऑगस्ट ते ऑक्टोबर प्रत्येक जण ‘प्लेटलेट किती?’ विचारत येतो. प्लेटलेटच्या आकड्यात सगळे अडकतात, आणि डेंग्यूचा पेशंट बिघडतो तो ताप उतरताना, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान. घरचे म्हणतात, ताप गेला, आता सोडा. तेव्हाच पोट जास्त दुखायला लागतं, उलट्या थांबत नाहीत, पेशंट चिडचिडा किंवा सुस्त होतो, हातपाय गार पडतात. अशा वेळी बीपीचा वरचा आकडा फसवतो. १०० आहे म्हणून आपण खूश, पण खालचा ८४ असेल तर दोन्हींत फक्त १६चं अंतर उरलंय. ते वीसवर किंवा त्याखाली आलं म्हणजे पेशंट शॉकच्या दारात आहे. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण, कालपेक्षा वर गेलंय का ते बघा, प्लेटलेट नंतर.

दुसरा ताप स्क्रब टायफसचा, गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्याने होणारा. २०१८च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपास हे पेशंट एकामागून एक येत होते, आणि दगावलेही. तोवर आमच्यापैकी पुष्कळांनी तो फक्त पुस्तकात वाचला होता. शेतात, गवतात वावर, पाच-सहा दिवसांचा ताप, डोकं ठणकतं, डेंग्यू-मलेरिया निगेटिव्ह, आणि मग दम. खूण म्हणजे सिगारेटचा चटका बसावा तशी काळी खपली. ती दुखत नाही, खाजत नाही, म्हणून पेशंट सांगत नाही. काखेत, जांघेत, स्तनाखाली, कमरेच्या नाड्याच्या रेषेवर असते, म्हणजे कपडे काढल्याशिवाय न दिसणाऱ्या जागी. पडदा लावा, बाई पेशंट असेल तर सिस्टरला सोबत घ्या, आणि बघा. खपली सापडली नाही तरी चित्र जुळत असेल तर रिपोर्टची वाट बघत डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक थांबवू नका. शंभर मिलिग्रॅम दोनदा, आणि बहुतेकांचा ताप दोन दिवसांत उतरतो. उतरला नाही तर निदान पुन्हा तपासायचं.

सिकलसेलचं (लाल रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराचं) कार्ड असलेल्या पेशंटचा मात्र वेगळा कप्पा ठेवा. विदर्भात हा आजार घरोघरी म्हणावा इतका आहे. त्यांचं हातपाय दुखणं ‘नेहमीचं’ म्हणून आपणही डायक्लोफेनॅक देऊन मोकळे होतो. ताप, छातीत दुखणं किंवा सॅच्युरेशन कमी, यांपैकी काहीही सोबत आलं तर ते नेहमीचं राहिलेलं नाही. लहान मूल अचानक पांढरं पडलं आणि पोटात डाव्या बाजूला गोळा लागला तर पाणथरीत (प्लीहेत) रक्त अडकलंय. त्याला लगेच रक्त देता येईल, अशा ठिकाणी हलवा.

उन्हाळ्याचं दुखणं उलट्या बाजूचं. नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू झाला की येणाऱ्या प्रत्येकाला ‘लू लागली’ असते. खऱ्या उष्माघाताची ओळख तापमापीच्या आधी डोक्यात असते: माणूस असंबद्ध बोलतो, ओळखत नाही, झटका येतो, आणि अंग चाळीस डिग्री सेल्सियसच्या वर. घाम येतोय म्हणून उष्माघात नाही असं समजू नका, उन्हात काम करणाऱ्या जवान माणसाला तो घामासकट होतो. पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नाही. कपडे काढा, पाणी मारा, पंखा लावा, काखेत-जांघेत बर्फ ठेवा आणि मग अँब्युलन्स. थंड करायला लागलेला उशीर मेंदूला भोवतो, रेफर करायला झालेला दहा मिनिटांचा उशीर भोवत नाही. पण मे महिन्यातल्या प्रत्येक बरळणाऱ्या माणसाला लू लागलेली नसते, हेही लक्षात ठेवा. शुगर बघा, सोडियम बघा, एक हात-पाय कमी हलतोय का बघा, मान कडक आहे का बघा. हिवाळ्यात याचा जोडीदार येतो, गॅसच्या गिझरवाला. बंद न्हाणीघरात आंघोळीला गेलेली मुलगी चक्कर येऊन पडते, डोकं दुखतं, उलटी होते, आणि सॅच्युरेशन छान शंभर दाखवतं, कारण बोटावरच्या मशीनला कार्बन मोनॉक्साइड आणि ऑक्सिजन यांतला फरक कळत नाही. गिझर विचारा, ऑक्सिजन लावा.

पिकांवरच्या फवारणीच्या दिवसांत उलटी-जुलाब आले तर डोळ्यांच्या बाहुल्या बघा आणि कपड्यांचा वास घ्या. २०१७मध्ये यवतमाळला कीटकनाशकाच्या विषबाधेने शेतकरी-मजूर दगावले, ते सगळ्यांना आठवत असेल.

चक्कर आणि डोकेदुखी यांत माझी एकच खोड आहे, जी ज्युनिअरांना विचित्र वाटते. मी पेशंटला चालवते. ‘चक्कर येऊन राहिली’ म्हणणारा माणूस भिंतीला न धरता चार पावलं चालू शकला नाही, आधाराशिवाय बसूही शकला नाही, तर व्हर्टिनची गोळी लिहून त्याला पाठवता येत नाही. तो लहान मेंदूचा स्ट्रोक असू शकतो, आणि त्यात हातापायाची ताकद अगदी ठीक असते. डोकेदुखीत विचारा, सर्वांत जास्त दुखायला किती वेळ लागला? मिनिटाच्या आत टोकाला गेली असेल तर सीटी, आणि शक्यतो पहिल्या सहा तासांत, तेव्हा रक्तस्राव दिसण्याची शक्यता सर्वांत जास्त. डोळा लाल आणि नजर धूसर असेल तर ती ‘मायग्रेनची उलटी’ काचबिंदूची असू शकते.

पोटात दुखणाऱ्या, पाळी येणाऱ्या वयाच्या प्रत्येक बाईची लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट. सासू शेजारी उभी असताना ‘शक्यताच नाही’ हे उत्तर मोजू नका. ऑपरेशन झालंय, हेही पुरेसं नाही. नसबंदीनंतर गर्भ राहिलाच तर तो नळीत असण्याची शक्यता उलट वाढते. आणि पोट दुखतं म्हणणाऱ्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाची चड्डी खाली करून बघा. तो लाजून पोट म्हणतो, दुखत असतो अंडकोश. पीळ पडला असेल तर साधारण सहा तास हाताशी असतात, त्यातले तीन तो घरीच गप्प बसून घालवून आलेला असतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न, सगळ्यांच्या सगळ्या तपासण्या. करू नका. एक तर लोकांना परवडत नाही. दुसरं असं की उगाच काढलेल्या पन्नास रिपोर्टांत चार-पाच थोडेसे बिघडलेले येतात, आणि त्यांचा पाठलाग करताना खरा आजारी बाकावर बसून राहतो. त्यापेक्षा स्वस्त तपासणी म्हणजे वेळ. ज्याचा हिशोब लागत नाही त्याला दोन-तीन तास ठेवा. त्याला दुखण्याचं औषध नीट द्या, त्याने निदान लपतं ही जुनी समजूत आहे. मग पुन्हा हात लावा. साधं दुखणं दोन तासांत एक तर कमी होतं किंवा तसंच राहतं. अपेंडिक्सचं दुखणं जागा बदलतं, अटॅकचा ईसीजी बदलतो, पायाची लाली पेनने आखलेल्या रेषेच्या बाहेर जाते. तुमच्या पेशंटच्या बाबतीत मी एवढंच केलं असतं, दुसरं काही नाही.

सोडण्याआधी पल्स, बीपी, श्वास पुन्हा घ्या, दारात उभं राहून का होईना. ताप उतरलेला, सलाईन गेलेलं, दुखणं कमी झालेलं, आणि तरी पल्स १२०, असा पेशंट माझ्याकडून घरी जात नाही. पल्सचा आकडा बीपीच्या वरच्या आकड्याला गाठायला आला असेल, म्हणजे ११० आणि ११०, तर बीपी ‘नॉर्मल’ दिसत असूनही आत काहीतरी चाललंय. आणि दोन-तीन दिवसांत त्याच तक्रारीसाठी परत आलेला पेशंट म्हणजे नवा पेशंट. जुना केसपेपर उलटा ठेवून पहिल्यापासून विचारायचं. आपणच लिहिलेलं निदान आपल्यालाच सर्वांत जास्त फसवतं, आणि परत आलेला माणूस आपल्याला जरा त्रासदायक वाटतो, हेही त्यात भर घालतं.

घरी पाठवताना ‘काही वाटलं तर या’ म्हणू नका. त्याने कुणी येत नाही. ‘काही’ म्हणजे काय ते सांगा. मी असं बोलते: "काकाजी, आज मला हे पोटाचं वाटून राहिलं, पण शंभर टक्के नाही. पुन्हा दुखलं आणि घाम सुटला, किंवा दुखणं जबड्यात, हातात गेलं, किंवा दम लागला, तर सकाळची वाट नाही बघायची. मोटरसायकलवर नाही यायचं. १०८ लावायचं." मग हेच बायकोकडून परत म्हणवून घेते, कारण काकाजींचं लक्ष चपला शोधण्यात असतं. केसपेपरच्या मागे तेच मराठीत लिहून देते. ‘मला खात्री नाही’ असं म्हटल्याने पेशंटचा विश्वास उडेल अशी मला सुरुवातीला भीती होती. उलट जे परत आले, ते त्या एका वाक्यामुळे वेळेत आले.

रेफर करताना फोन आधी, चिठ्ठी नंतर. चिठ्ठीत दुखणं सुरू झाल्याची वेळ, ईसीजीची वेळ, कोणती गोळी किती वाजता दिली, एवढं हवंच. बाकी साहित्य नको. आणि ‘स्वतःच्या जबाबदारीवर घरी’ या कागदावर अंगठा घेऊन हात झटकू नका. माणूस का चाललाय ते विचारा. निम्म्या वेळा पैशांचं कारण असतं, आणि मेडिकलला जायचा रस्ता सांगितला तर तो तयार होतो.

तुम्ही शेवटी विचारलंय की त्या पेशंटला भेटायला जावं का, सीनिअर नको म्हणतात. मी गेले असते. त्या मुलाच्या आईला मी सांगितलं होतं की पहिला अर्धा तास मी चुकीच्या आजारावर औषध देत होते. ती काही बोलली नाही, डबा मात्र सिस्टरसाठी घेऊन आली. तुमच्या हॉस्पिटलचं धोरण काय आहे ते मला माहीत नाही, सीनिअरशी बोलूनच जा. पण जाण्याआधी त्या रात्रीच्या त्याच्या ईसीजीचा कागद पुन्हा बघा आणि वरच्या कोपऱ्यातली वेळ वाचा. दुखणं सुरू झाल्यापासून किती मिनिटांनी तो काढला होता, ते मला कळवा. माझा अंदाज आहे, अर्ध्या तासाच्या आत.